देणाऱ्यांचें घर आणि घेणाऱ्यांचें घर

पुणें-नाशिक रस्त्यानें भोसरी मागें टाकली कीं मोशी येते, मोशीपुढें इंद्रायणीचा पूल लागतो, आणि चिंबळी-कुरुळी ओलांडली कीं चाकण येतें. इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें जवळजवळ दोन महिने जो भुईकोट झुंजविला, त्याचे अवशेष येथेंच आहेत. पुढें हें गांव कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलें. आतां तें मोटारींच्या कारखान्यांसाठीं ओळखलें जातें. पाळी सुटण्याच्या वेळीं या रस्त्यावर जो लोंढा वाहतो तो ज्यानें पाहिला आहे त्याला अधिक सांगणें नको. लांबलचक मालमोटारी, कामगारांच्या बसगाड्या आणि त्यांच्या फटींतून वाट काढणारे दुचाकीवरील तरुण! रात्रपाळी करून डोळे चुरचुरत असलेला मुलगा घरीं पोहोंचेपर्यंत त्याची आई दाराशीं उभी असते, ती उगीच नव्हे.

कारण एखादे दिवशीं मुलगा येत नाहीं, निरोप येतो. मग इस्पितळाची धांवाधांव होते. कोणी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाकडे पळतो, कोणी आणखी कोठें. डोक्याला मार लागलेला मुलगा यंत्राच्या साहाय्यानें श्वास घेत असतो. छाती वरखालीं होत असते, हात ऊन लागतो, पडद्यावर हृदयाची रेघ उमटत असते. आणि डॉक्टर बापाला बाजूला घेऊन सांगतात कीं, मुलगा गेला.

बापाला हें पटावें कसें? आपल्या भाषेंत प्राण म्हणजे श्वास, आणि श्वास चालला आहे तोंवर आशा आहे, असें पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐकत आलों. तेव्हां ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मेंदूच्या तळाशीं देठासारखा एक भाग असतो. श्वास घेण्याची आज्ञा तेथून सुटते. तो देठ मेला कीं मनुष्य आपण होऊन पुन्हां कधींहि श्वास घेत नाहीं. हृदयाची गोष्ट मात्र निराळी. त्याला ठोका देणारी योजना त्याच्या स्वतःच्याच ठिकाणीं आहे. यंत्रानें छातींत प्राणवायु भरत राहिलें तर कांहीं तास, क्वचित् कांहीं दिवस, तें चालत राहतें. बेशुद्धि ही वेगळी अवस्था. बेशुद्ध मनुष्य परत येऊं शकतो. मेंदूचा देठ मेलेला मनुष्य परत येत नाहीं.

हा निर्णय कोणा एकट्या डॉक्टराच्या मर्जीवर सोडलेला नाहीं. आपल्या संसदेनें १९९४ सालीं मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा केला आणि फेब्रुवारी १९९५ मध्यें तो महाराष्ट्रांत अमलांत आला. त्याप्रमाणें चार डॉक्टरांच्या मंडळानें रोग्याची तपासणी करावयाची असते. डोळ्यांवर प्रकाश टाकून पाहावयाचें, घशाला स्पर्श करून उबळ येते का पाहावयाचें, आणि शेवटीं यंत्राचा श्वास थांबवून तो आपण होऊन श्वास घेतो का, याची परीक्षा करावयाची. एवढ्यावर भागत नाहीं. निदान सहा तासांनीं ही सारी तपासणी पुन्हां करावी लागते. जे शस्त्रवैद्य पुढें अवयव बसविणार, त्यांना या मंडळांत स्थान नाहीं. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. संशय हा दुःखाचा सख्खा भाऊ असतो.

या दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत केव्हां तरी एक बाई किंवा गृहस्थ त्या कुटुंबाजवळ येऊन बसतात. त्यांना समन्वयक म्हणतात. त्यांचें काम म्हणजे विचारणें. दधीचि ऋषींकडे देव अस्थि मागावयास गेले ही कथा आपण मुलांना सांगतों. परंतु दधीचि स्वतः जिवंत होते आणि देह त्यांचा स्वतःचा होता. येथें प्रश्न विचारला जातो तो दुसऱ्याच्या देहाविषयीं, आणि उत्तर द्यावयाचें तें अशा आईबापांनीं, ज्यांनीं सकाळपासून पाण्याचा घोटहि घेतलेला नसतो. या कसोटीपुढें पुराणांतील कसोटी सोपी वाटते.

३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन येथें डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनीं मनुष्याच्या छातींत दुसऱ्या मनुष्याचें हृदय प्रथम बसविलें. डॉक्टरांचें नांव सर्वांना ठाऊक झालें. एडवर्ड डार्व्हाल हें नांव फार थोड्यांच्या ध्यानांत आहे. त्यांची पत्नी आणि पंचवीस वर्षांची मुलगी डेनिस केक विकत घेण्यासाठीं मोटारींतून उतरल्या आणि रस्ता ओलांडतांना दुसऱ्या मोटारीखालीं सांपडल्या. पत्नी तेथेंच गेली. मुलीविषयीं डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां या गृहस्थांनीं चार मिनिटें विचार केला. त्या चार मिनिटांत त्यांना काय आठवलें? मुलीनें वाढदिवसाला केलेला केक, आणि तिनें पहिल्या पगारांतून आपल्यासाठीं आणलेला अंगरखा! त्यांनीं होकार दिला. ज्यांना हृदय मिळालें ते लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. डेनिसचें एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला देण्यांत आलें. तो मुलगा गोरा नव्हता, आणि त्या देशांत त्या काळीं गोऱ्यांनीं व इतरांनीं एका बाकावर बसण्यासहि बंदी होती.

पुढच्याच फेब्रुवारींत, १९६८ सालीं, मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हीच शस्त्रक्रिया केली. रोगी सुमारें तीन तास जगला. त्यानंतर भारतांत हृदयाचें प्रत्यारोपण यशस्वी होण्यास ३ ऑगस्ट १९९४ हा दिवस उजाडावा लागला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं तें केलें. मधल्या सव्वीस वर्षांत डॉक्टरांचें कौशल्य वाढलें हें खरें. पण कायदा आणि औषध या दोन गोष्टींची वाट पाहावी लागली होती, हेंहि तितकेंच खरें. कायद्याचें वर आलेंच आहे. औषध अशासाठीं कीं, आपलें शरीर परक्याला ओळखतें आणि त्यावर तुटून पडतें. १९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी प्रत्यारोपण केलें तें एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणजे जेथें परकेपण नव्हतेंच तेथें. सायक्लोस्पोरिन हें औषध १९८० नंतरच्या वर्षांत प्रचारांत आलें आणि मगच परक्याचें दान अंगीं लागूं लागलें.

आतां घेणाऱ्यांच्या घराकडे वळूं. पिंपरीला आधुनिक औषधांची ओळख जुनी आहे. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलीन येथें तयार होऊं लागलें. त्या काळीं माणसें जंतूंनीं मरत. आतां मधुमेह आणि रक्तदाब आंतल्या आंत मूत्रपिंडें पोखरतात, आणि तें बहुधा फार उशिरां कळतें. भोसरी किंवा आकुर्डी येथील कोणतेंहि एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. कर्ता पुरुष चाळिशीचा, लेथवर काम करणारा. मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत. आठवड्यांतून तीन दिवस, प्रत्येक वेळीं चार तास, डायलिसिसच्या यंत्राला बांधून घ्यावें लागतें. कायम कामगार असला तर रजा संपेपर्यंत निभावतें. कंत्राटी असला तर हजेरी नाहीं त्या दिवसाचा पगार नाहीं. घरांतलें पंचांग बदलतें. वार ओळखले जातात ते यंत्राच्या दिवसांवरून. पाणी मोजून प्यावयाचें, उन्हाळ्यांतसुद्धां. मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे औषधांत जातात आणि ती मुलगी न सांगतां सहलीला नको म्हणते. रोगी एकच असतो. आजारी सारें घर असतें.

मग मूत्रपिंड कोणी द्यावयाचें हा प्रश्न उभा राहतो. आईबाप, मुलें, भावंडें, पतिपत्नी यांना कायद्यानें जवळचे नातलग मानलें आहे. २०११ च्या दुरुस्तीनें आजीआजोबा आणि नातवंडेंहि त्यांत आलीं. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनीं परस्परांत अदलाबदल करावी, अशीहि सोय त्याच दुरुस्तीनें झाली. कागदावर हें ठीक आहे. घरांत मात्र सर्वांच्या नजरा एकाच माणसाकडे वळतात. १९९५ ते २०२१ या काळांत आपल्या देशांत झालेल्या छत्तीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणांत पांचांपैकीं चार अवयव पुरुषांना मिळाले. जिवंतपणीं देणाऱ्यांत मात्र बहुसंख्या स्त्रियांची! पत्नी पतीला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते. हें प्रेम खोटें नाहीं. त्याविषयीं कोणी शंका घेऊं नये. पण सून आजारी पडली म्हणजे सासरच्या मंडळींत रक्तगटाची चौकशी तितक्या तत्परतेनें कां होत नाहीं, हेंहि कोणी तरी विचारलें पाहिजे. कर्त्याचें शरीर मोलाचें आणि रांधणारीचें वापरावयाचें, अशी वांटणी कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेली नाहीं.

देणाऱ्याचें पुढें काय होतें, ही भीति स्वाभाविक आहे. बोस्टनच्या त्या जुळ्या भावांपैकीं ज्यानें मूत्रपिंड दिलें तो त्यानंतर छप्पन्न वर्षें जगला. अर्थात् तपासणी कसून व्हावयास हवी, आणि होकार मनापासूनचा असावयास हवा. पैसे देऊन अवयव घेणें हा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. तरीहि पत्नी म्हणून परकी गरीब स्त्री उभी केल्याचें प्रकरण २०२२ सालीं पुण्यांत उघडकीस आलें. पंधरा लाख रुपये कबूल करून ते न मिळाल्याची तिची तक्रार होती. गरज आणि गरिबी एका दालनांत भेटतात तेथें हेंच होतें. जिवंतांकडून मागणें कमी व्हावयाचें असेल तर गेलेल्यांकडून मिळणें वाढलें पाहिजे. आणि तें आपल्या देशांत दहा लाख लोकसंख्येमागें एकाहूनहि कमी आहे.

गेलेल्या माणसाचे अवयव कोणाला द्यावयाचे, हें ना त्याचें कुटुंब ठरवितें, ना डॉक्टर. पुणें विभागासाठीं प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. नोंदलेल्या यादीप्रमाणें, रक्तगट आणि निकड पाहून तें वांटणी करतें. वेळ फार थोडा असतो. हृदय चार ते सहा तासांत बसवावें लागतें, यकृताला थोडी अधिक सवड मिळते, मूत्रपिंडाला एक दिवसाच्या आसपास. म्हणूनच पोलीस चौकाचौकांतली वाहतूक अडवून वाट मोकळी करून देतात. ज्या रस्त्यावर मुलगा पडला, त्याच रस्त्यानें कधीं कधीं त्याचें हृदय जातें, आणि या खेपेस सर्व गाड्या बाजूला होतात.

देणाऱ्यांच्या घरीं यानंतर काय उरतें? प्रथम देह परत मिळतो, नीट शिवलेला. मुखदर्शन होतें, अंत्यविधि नेहमींप्रमाणें होतात. अपघात असल्यामुळें पंचनामा आणि शवचिकित्सा चुकत नाहीं, आणि त्यांत जे तास जातात ते फार जड जातात. पुढच्या जन्मीं मूल अवयवाविना जन्मेल, असें एखादी आजी म्हणते. तिला हंसूं नये. ज्या देहाला आपण घटकाभरानें अग्नीच्या स्वाधीन करतों, त्यांतलें कांहीं अग्नीच्या आधीं एखाद्या भुकेल्याला दिलें तर देवाचा कोप कां व्हावा, एवढेंच तिला हळू विचारावें. बहुधा आजीच पहिल्यानें मान डोलावते.

मग महिने जातात. हृदय कोणाच्या छातींत आहे हें आईला जाणून घ्यावेंसें वाटतें. नियमानें दोन्ही बाजूंचीं नांवें गुप्त राहतात. नियम कठोर वाटला तरी सकारण आहे. उपकाराचें ओझें एका घरानें दुसऱ्यावर घालूं नये. पण आईचें मन नियम वाचीत नाहीं. रस्त्यांतून जाणाऱ्या अनोळखी तरुणाकडे ती क्षणभर अधिक पाहते, एवढें खरें.

घेणाऱ्यांच्या घरीं आनंद होतो, आणि त्याच्यामागोमाग हिशेब येतो. महात्मा ज्योतिराव फुले योजनेंतून मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठीं मिळणारी मदत २०२३ सालीं अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यांत आली. हें साहाय्य लहान नव्हे. परंतु गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात, आणि त्या घड्याळाच्या कांट्यावर. एक दिवस चुकला तरी शरीर परक्याला ओळखूं लागतें. बारीकसा ताप आला तरी घर धास्तावतें. असें असूनहि तो मनुष्य पुन्हां लेथपुढें उभा राहतो, पोटभर पाणी पितो, आणि मुलगी सहलीला जाते.

पुण्याच्या एका विद्यार्थिनीची हकीकत वर्तमानपत्रांतून पुष्कळांनीं वाचली असेल. २०१६ सालीं पुण्याहून मणिपालला जातांना बस उलटली आणि तिचे दोन्ही हात गेले. २०१७ च्या ऑगस्टमध्यें कोचीच्या इस्पितळांत तेरा तासांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला दोन हात मिळाले. ते केरळांतील एका महाविद्यालयीन तरुणाचे होते. तो मोटारसायकलच्या अपघातांत गेला होता. हात तरुणाचे, रुंद आणि सांवळे. पुढें हळूहळू ते बारीक होत गेले, त्यांचा वर्ण उजळत गेला. बोटें बायकी दिसूं लागलीं, मनगट लहान झालें, हें प्रथम तिच्या आईच्या ध्यानांत आलें. ती मुलगी पुन्हां लिहूं लागली, आणि तिचें अक्षर पूर्वीसारखेंच येऊं लागलें.