मिस मार्पल : भोचक म्हातारी की जाणती बाई?

हातात भाजी निवडायला घेतली असेल तर ती चालू राहू द्या. आज जिच्याबद्दल बोलायचं आहे, तीही हातातलं विणकाम खाली न ठेवता समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची मिस मार्पल.

सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक इंग्लिश खेड्यात एकटी राहणारी, लग्न न केलेली ही म्हातारी बाई. १९२७ साली ती पहिल्यांदा एका कथेत आली. तिची पहिली कादंबरी १९३० साली निघाली आणि शेवटची १९७६ साली, लेखिकेच्या मृत्यूनंतर. एकूण बारा कादंबऱ्या, शिवाय कथा वेगळ्या. आता इतकी लांबलेली मालिका म्हटल्यावर वाचणाऱ्यांमध्ये मतभेद असणारच. या पुस्तकांबद्दल कुठेही गप्पा निघाल्या, की तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. त्या एकेक करून बघू. खुनी कोण ते मात्र सांगणार नाही, काळजी नको.

पहिली तक्रार अशी, की ही बाई तपास करतच नाही, नुसते अंदाज बांधते. ना ठसे, ना भिंग. कोणी नवा माणूस भेटला की तिला गावातलं कोणीतरी आठवतं, आणि तो जसा वागला तसाच हाही वागणार, असं ती ठरवून टाकते. यात थोडं तथ्य आहे. तिच्याकडे पुरावा बऱ्याचदा कमी पडतो आणि मग गुन्हेगाराला सापळ्यात ओढावं लागतं. हे जरा जास्तच वेळा होतं. पण त्याला नुसता अंदाज म्हणणं मला पटत नाही. आयुष्यभर एकाच गावात माणसं बघितलेल्या बाईचं ते ज्ञान आहे. कोण उधारी बुडवतो, कोण गोड बोलून पैसे काढतो, कोणती मुलगी एकाएकी गप्प झाली, हे तिच्या ध्यानात राहतं. आपल्या गल्लीतही अशी एखादी आजी असतेच. तिच्या बोलण्याला आपण भोचकपणा म्हणतो, आणि अडचण आली की चौकशीला तिच्याकडेच जातो.

त्या १९२७ च्या कथेत एक छान गंमत आहे. तिच्या घरी मंडळी संध्याकाळी जमून ठरवतात, की प्रत्येकाने एक गूढ घटना सांगायची. किती जण आहोत म्हणून डोकी मोजली जातात. वकील, पाद्री, पोलिसातले निवृत्त साहेब, सगळे मोजले जातात, आणि विणत बसलेली म्हातारी राहून जाते. तिलाच हसून सांगावं लागतं, की मला विसरलात. मग सगळ्या कोड्यांची उत्तरं कोण देतं, हे सांगायला नको.

दुसरी तक्रार तोचतोचपणाची. तेच खेडं, तोच चहा, तेच खून. त्यात काही पुस्तकांत ती अगदी थोडी येते. 'द मूव्हिंग फिंगर'मध्ये तर कथा बरीच पुढे गेल्यावर तिचं दर्शन होतं. ही तक्रार मला मान्य आहे. एकापाठोपाठ चार पुस्तकं वाचली तर कंटाळा येईल. पण अंतर ठेवून, क्रमाने वाचली तर ही बाई बदलत गेलेली दिसते. १९३० च्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज'मध्ये ती चांगलीच खवट आहे. बागकामाच्या आणि पक्षी बघण्याच्या निमित्ताने सगळ्या गावावर नजर ठेवते. १९६२ च्या 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड'मध्ये तिची नजर अधू झाली आहे, विणताना टाके सुटतात, डॉक्टरांनी बागकाम बंद केलं आहे. सोबतीला ठेवलेली बाई तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. मग आजीबाई तिला दूरच्या दुकानात पाठवतात आणि स्वतः एकट्या नव्या वस्तीत फिरून येतात! घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकीने हा भाग वाचावा. एक सूचना मात्र देते. शेवटी छापलेली 'स्लीपिंग मर्डर' लिहिली गेली १९४० च्या दशकात. तिच्यात मिस मार्पल एकदम तरतरीत दिसली, तर गोंधळू नका.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर. या पुस्तकांतल्या मोलकरणी बावळट, भित्र्या, सतत गोंधळलेल्या दाखवल्या आहेत. हे खरंच आहे, आणि आज वाचताना ते खटकतं. पण म्हणूनच १९५३ सालची 'अ पॉकेट फुल ऑफ राय' वाचा. एका श्रीमंत घरात मालकाला विष दिलं जातं, मग आणखी खून होतात. त्यात ग्लॅडिस नावाची मोलकरीणही मारली जाते. तिचं प्रेत कपड्यांच्या दोरीजवळ सापडतं आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असतो. ग्लॅडिस अनाथाश्रमातली. तिला घरकाम शिकवलं होतं मिस मार्पलने. वर्तमानपत्रात बातमी वाचून ही म्हातारी गाडीत बसते आणि न बोलावता त्या घरी जाऊन थडकते. घरातल्यांना ती मुलगी म्हणजे चहाचा ट्रे आणणारे हात. तिला काय आवडायचं, ती कोणावर भाळली होती, कशाला फसली असेल, हे या म्हातारीलाच कळू शकतं. तो चिमटा तिच्या जिव्हारी लागतो. जीव घेतला तो घेतला, वर थट्टाही केली! शेवटच्या पानांवर तिला रडू येतं आणि रागही येतो. का, ते पुस्तकातच वाचा.

मला वाटतं, लेखिकेने मोलकरणींना न्याय दिला नाही हे वाचकांचं म्हणणं खरं, आणि याच एका पुस्तकात तिने तो द्यायचा प्रयत्न केला हेही खरं. तुमचं काय मत होतं बघा.

ख्रिस्तीची काही पुस्तकं मराठीतही आली आहेत. वाचनालयात विचारा, मिळेल ते आणा. वाचून झाल्यावर शेजारणीला द्या आणि मग दोघी मिळून भांडा. तुमची मतं आम्हाला केंद्रावर कळवा. विरोधी मतं तर जरूर कळवा.