हाडांची वाढ आणि तिची मुदत

अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. हसमुख सांकळिया यांनीं उत्खनन केलें. ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखालीं, मातीच्या कुंभांत पुरलेलीं बालकें तेथें आढळलीं. अशा सांगाड्यांचें वय दांतांवरून व हाडांवरून ओळखतां येतें. कारण बालकाच्या लांब हाडाचें टोंक दांड्यास सांधलेलें नसतें. मध्यें कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, पातळ थर असतो. उंची वाढते ती याच थरामुळें.

तेथील पेशी प्रथम विभागतात, मग फुगतात आणि अखेर त्यांच्या जागीं हाड येतें. परंतु सर्वच पेशी एकदम फुगल्या, तर वाढ अकालीं संपेल. मग हा तोल राखतें कोण? १९९६ सालीं आंद्रेआ फोर्टकाम्प, क्लिफर्ड टॅबिन, हेन्री क्रोनेनबर्ग प्रभृतींनीं हें कोडें उलगडलें. फुगण्याच्या वाटेस लागलेल्या पेशी ‘इंडियन हेजहॉग’ नामक प्रथिन सोडतात. त्याच्या प्रेरणेनें हाडाच्या टोंकाकडून दुसरें प्रथिन निघतें आणि तें मागील तरुण पेशींना ‘इतक्यांत फुगूं नका’ असें जणूं बजावतें.

तारुण्यांत हा थर हाडांत विलीन होतो. मग कोणताही संकेत उंची वाढवूं शकत नाहीं. एका जन्मजात ठेंगणेपणावरील व्होसोरिटाइड हें औषध २०२१ सालीं मान्य झालें. परंतु तेंही कूर्चा शिल्लक आहे तोंवरच उपयोगी. म्हणून मुलाची वाढ खुंटलेली दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. ‘पुढें वाढेल’ म्हणून स्वस्थ बसूं नये.