रक्ताची अप लाइन, डाऊन लाइन

(गणेशोत्सवातील बालविज्ञान वर्गाच्या समारोपाला केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा मुलांसाठी चार संध्याकाळी विज्ञानाचा वर्ग घ्यायचा असे मंडळाच्या बैठकीत ठरले आणि 'रक्ताभिसरण' हा विषय माझ्या गळ्यात पडला. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला मेकॅनिकलचा माणूस. सगळी उमेदवारी डिझेल शेडमध्ये गेली. बैठकीत कोणीतरी म्हणाले, "साहेब, हृदय म्हणजे पंपच की! तुम्हीच शिकवा." मीही हो म्हणून बसलो. त्या चार संध्याकाळी मुले किती शिकली ते मुलेच सांगतील. मी काय शिकलो ते आज सांगतो.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचेच नाही असे ठरवले होते. मुलांना आधी स्वतःची नाडी शोधायला लावली. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटे ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी असते आणि मोजणीत घोळ होतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे. मग हॉलला दोन फेऱ्या धावून पुन्हा मोजायचे. आकडा वाढलेला पाहून मुलांना जो आनंद झाला, तो परीक्षेच्या गुणांनीही होत नसेल! मग नरसाळे, रबरी नळी आणि फुग्याचा तुकडा घेऊन स्टेथोस्कोप केला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून छातीचे ठोके ऐकले, तिथूनच हे यंत्र सुरू झाले. जो 'लब-डब' आवाज येतो, तो हृदयातल्या झडपा मिटण्याचा. झडप म्हणजे आपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पुढे गेलेले मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम.

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या आणि कटिंग चहाचा ग्लास आणला. मोठ्या माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे कटिंगच्या एका ग्लासाएवढे. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर. मुलांना सांगितले, एका बादलीतले पाणी ग्लासाने दुसऱ्या बादलीत टाका, मिनिटात ७० वेळा. अर्ध्या मिनिटात हात भरून आले, निम्मे पाणी फरशीवर. मग गणित केले. मिनिटाला ५ लिटर, तर दिवसाला ७,२०० लिटर. आपल्या यार्डातला डिझेल-पेट्रोलचा टँक वॅगन साधारण ७० हजार लिटरचा असतो. म्हणजे मुठीएवढे हृदय दहा दिवसांत एक टँक वॅगन भरेल! आणि तेही ब्लॉक न घेता, शेडमध्ये न येता.

इथे मुलांना विल्यम हार्वेची गोष्ट सांगितली. त्यांच्या आधी शेकडो वर्षे वैद्य असे मानत की, खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि शरीरात जिरून जाते. हार्वेंनी १६२८ साली छापलेल्या ग्रंथात साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला थोडेच रक्त बाहेर पडते असे धरले तरी अर्ध्या तासात अंगातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त रक्त बाहेर पडते. एवढे रक्त रोज कुठून तयार होणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्यांतून शिरांत रक्त जाते कसे, हे मात्र त्यांना दिसले नाही. ते १६५७ साली वारले. १६६१ साली माल्पीघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दाखवल्या आणि हार्वेंचा हिशेब पुरा झाला.

तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. मी फळ्यावर लाल आणि निळ्या खडूने आकृती काढली आणि ठासून सांगितले, "धमनीतले रक्त लाल, शिरेतले निळे." आमच्या जुन्या मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. नावच नीला, त्यामुळे मला कधी शंकाच आली नव्हती. सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, लॅबवाल्या भैयाने माझ्या हातातल्या शिरेतून रक्त काढलं होतं. ते तर लालच होतं. काळपट, पण लाल." सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. "मोठी झालीस की कळेल" असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मी म्हणालो, "बाळ, उद्या सांगतो."

घरी जाऊन वाचले. मुलगीच बरोबर होती. रक्त कधीच निळे नसते. प्राणवायू कमी झाला की ते गडद लाल होते, इतकेच. त्वचेखालून प्रकाश ज्या तऱ्हेने परत येतो, त्यामुळे शिरा आपल्याला निळसर दिसतात. पुस्तकातला निळा रंग ही फक्त खूण. आपण नाही का शेडमध्ये हवेच्या, पाण्याच्या, तेलाच्या नळ्या वेगवेगळ्या रंगांनी रंगवत! चौथ्या दिवशी सर्वांसमोर सांगितले, "काल मी चुकलो." आणि मग जे मला शोभेल असे उदाहरण दिले. धमनी आणि शिरा ही नावे अप आणि डाऊन लाइनसारखी आहेत. ती दिशेवरून पडतात, मालावरून नाही. गाडी भरलेली असो की रिकामी, लाइन अपची ती अपचीच. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. म्हणून हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत कमी प्राणवायूचे, गडद रक्त असते, तरी ती धमनीच. आपण जंक्शनवर राहणारी माणसे, मुलांना हे एका फटक्यात समजले.

वर्ग संपता संपता एका लहान मुलाने विचारले, "काका, हृदयात तर रक्तच रक्त भरलेलं असतं. मग हार्ट अटॅकमध्ये त्याला रक्त कमी कसं पडतं?"

या प्रश्नाने मी क्षणभर गप्प झालो. १९९९ साली, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना, माझे वडील गेले. तेही रेल्वेत, फिटर होते. रात्री अकराच्या सुमाराला छातीवर दाब आला, घाम फुटला, डावा हात जड झाला. त्यांना वाटले गॅस झाला. आईने ओव्याचे पाणी दिले, मी पाठ चोळत बसलो. सकाळी बघू, असे ठरले. पहाटे मी रिक्षा शोधायला धावलो, पण दवाखान्याच्या दारापर्यंतच पोहोचलो. पंपाची गणिते मला तोंडपाठ होती. घरातला पंप बंद पडतो आहे, हे मात्र कळले नाही.

त्या मुलाला मी इंजिनाचे उत्तर दिले. इंजिनाच्या संपमध्ये तेल काठोकाठ असते, पण एका बेअरिंगकडे जाणारी बारीक वाट चोंदली, तर तेवढे बेअरिंग जळते. हृदयाचेही तसेच. त्याची जाड भिंत आतल्या रक्तावर जगत नाही. महाधमनी हृदयातून निघताच तिच्या पहिल्या फांद्या वळून हृदयाच्याच भिंतीकडे येतात. त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. तिथे अडथळा आला की पुढचा स्नायू उपाशी राहतो, आणि जितका उशीर होईल तितका मरत जातो. तेलाचा दाब कमी झाला तर इंजिन आपोआप बंद होऊन स्वतःला वाचवते. हृदयाला ती सोय नाही. ते फक्त इशारा देते.

म्हणून मोठ्यांना हात जोडून सांगतो. छातीत दाब, तो हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, घाम, धाप यांतले काही जाणवले तर गॅस म्हणून सकाळची वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही, नुसता थकवा, मळमळ किंवा धाप असते. १०८ ला फोन करा. स्कूटर काढून स्वतः जाऊ नका. गॅसच निघाला तर डॉक्टर हसतील, हसू द्या.

मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ डॉक्टरांना बोलावून सर्वांना सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयाचे काम छातीवर दाब देऊन चालू ठेवायची रीत, शिकवावी. आणि मुलांनो, तुम्ही असेच प्रश्न विचारत राहा. उत्तर आले नाही तर काका "उद्या सांगतो" म्हणतील, आणि उद्या नक्की सांगतील.

गणपती बाप्पा मोरया!