टिंबांआडचा शब्द

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या संकेतस्थळासाठीं नातवानें एक फॉर्म रचिला. त्यांतील पासवर्डाचा रकाना साधाच होता. मीं टंकिलेलें अक्षर न् अक्षर पाठीशीं उभ्या शेजाऱ्यांनीं वाचलें. (गृहस्थ सज्जन, हें माझें भाग्य!) नातवानें त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' होता तो 'पासवर्ड' केला, आणि अक्षरांच्या जागीं टिंबें उमटूं लागलीं. १९९५ सालच्या एचटीएमएल २.० मध्येंहि ही सोय आहे. परंतु टिंबें हा केवळ डोळ्यांपुढचा पडदा. शब्द वाटेनें उघडाच जातो. 'गेट' पद्धतीनें धाडल्यास तो पत्त्याच्या ओळींतहि झळकतो. 'पोस्ट'नें तेवढें टळतें. प्रवासांत तो झांकावयाचा, तर एचटीटीपीएसच हवें. माझा पासवर्ड मात्र मीं त्याच सायंकाळीं बदलला.