कोऱ्या रकान्याचा दंड कोणाला?



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभांतून घसा कोरडा करणाऱ्या आम्हां मंडळींचा फोनच्या सॉफ्टवेअरशी काय संबंध? आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकाशी अधिक झाले. परंतु त्या फाटकाशी आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो : ज्याच्या हाती नोंदवही, त्याच्या हाती न्याय. आणि आज माणसाच्या शरीराची नोंदवही त्याच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

तिची व्यवस्था कशी असते ते आधी पाहू. फोनमध्ये आरोग्याच्या माहितीचे एक कोठार असते. अ‍ॅपलच्या फोनवर त्याचे नाव हेल्थकिट, अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट. पावले किती चालली, नाडीचे ठोके किती, झोप किती, स्त्रियांच्या पाळीच्या तारखा कोणत्या, हे सारे तेथे साठवता येते. कोणत्याही अ‍ॅपला यातले काही हवे असेल, तर मालकाची परवानगी लागते. तीही माहितीच्या प्रत्येक प्रकाराला वेगळी. येथे मालक म्हणजे तुम्ही. हा शब्द कामगाराला लावण्याची संधी आम्हांला क्वचितच मिळते! पावले दाखवीन, नाडी दाखवणार नाही, असे हा मालक म्हणू शकतो. योजना चांगली आहे. आम्ही तिला नावे ठेवीत नाही.

पण दारावरचा हा पहारेकरी सॉफ्टवेअरचा आहे, आणि सॉफ्टवेअर माणसेच लिहितात. हेल्थकिट प्रथम आले ते १७ सप्टेंबर २०१४ रोजी, आणि त्याच दिवशी त्यात दोष सापडल्यामुळे त्यावर चालणारी अ‍ॅप अ‍ॅपलला थोपवून धरावी लागली. २४ तारखेला दुरुस्ती निघाली. तिने नव्या आयफोन ६ वर फोन लागेना आणि बोटाचा ठसाही ओळखला जाईना! तासाभरात ती मागे घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची दुरुस्ती आली.

पहारेकऱ्याची चूक दोन प्रकारची असते. ज्याला मना केले त्याला तो आत सोडतो, ही पहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये आयफोनवर असे घडले होते. बाहेरच्या कंपन्यांच्या कळफलकांना मालकाने न दिलेली पूर्ण मुभा मिळू शकत होती. ते आरोग्याचे कोठार नव्हते, पण परवानगी फसते कशी हे त्यावरून दिसले. दुसरी चूक म्हणजे जे हवे तेच गडप होणे. २०२० मध्ये फोन आणि घड्याळाचे सॉफ्टवेअर बदलल्यावर अनेकांच्या व्यायामाच्या मार्गाचे नकाशे नाहीसे झाले, आरोग्याची माहिती उघडेना. उपाय सांगितला गेला तो फोन व घड्याळ पुसून, जपून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा भरण्याचा.

पहिल्या चुकीबद्दल पुष्कळ बोलले जाते. आम्हांला दुसरीची चिंता अधिक वाटते. हेल्थकिटचा एक नियम असा की, तुम्ही माहिती वाचण्यास नकार दिला, तर तो नकार अ‍ॅपला कळत नाही. त्याला फक्त माहिती नाही एवढेच दिसते. हेतू उत्तम : नकारावरून कोणी तर्क लढवू नये. पण परिणाम पाहा. नकार दिला तरी रकाना कोरा, सॉफ्टवेअर बिघडले तरी रकाना कोरा, आणि माणूस खरोखरच चालला नाही तरी रकाना कोराच. पलीकडे बसून हिशेब करणाऱ्याला तिन्ही सारखेच!

आम्ही नोकरीला होतो त्या कारखान्यात कार्ड ठोकण्याचे यंत्र होते. एका पावसाळ्यात ते बिघडले आणि तीन दिवस कार्डावर वेळ उमटली नाही. कार्ड कोरे म्हणून खाडा, आणि खाडा म्हणून पगार कापला. मुकादमाने आम्हांला कामावर पाहिले होते, पण कार्डाने पाहिले नव्हते. युनियनने एकच प्रश्न विचारला : यंत्र कोणाचे? ज्याचे यंत्र, त्यानेच पुरावा द्यावा. कापलेला पगार परत मिळाला.

हा प्रश्न आता शरीरापर्यंत आला आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सरकारी नोकरांच्या विमा संस्थेने एक आरोग्य अ‍ॅप पुढे केले. ठरलेले गुण न मिळवणाऱ्याचा हप्ता महिन्याला २५ डॉलरने वाढणार होता. शिक्षक खवळले आणि सक्ती मागे घ्यावी लागली. तरी पगार व विम्याचे प्रश्न उरलेच, आणि २२ फेब्रुवारी २०१८ पासून राज्याच्या सर्व ५५ काउंट्यांतील शाळा संपामुळे बंद पडल्या. त्या अ‍ॅपमध्ये रकाना कोरा राहिला असता, तर २५ डॉलर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने भरले असते काय?

आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. संमती मोकळेपणाने दिलेली असावी, आणि ती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज काढून घेता यावी, असे त्याचे सहावे कलम म्हणते. सातवे कलम मात्र नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची वाट ठेवते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची, असे ठरले. तोपर्यंतचा काळ झोपा काढण्यासाठी नाही.

आमच्या मागण्या तीन आहेत. कोऱ्या रकान्यावरून कोणाचाही पगार, बढती वा विमा अडू नये. सॉफ्टवेअरचा दोष उघडकीस आला, की त्याची खबर माहितीच्या मालकाला सर्वांआधी मिळावी. आणि नोकरीवर अ‍ॅप लादण्यापूर्वी युनियनशी लेखी करार व्हावा.

आपणही घरी गेल्यावर फोनमधील आरोग्याच्या परवानग्यांची यादी उघडून पाहा, आणि सॉफ्टवेअर बदलेल त्या प्रत्येक वेळी पुन्हा पाहा. कुलूप कितीही चांगले असले, तरी निजण्यापूर्वी आपण कडी एकदा ओढून पाहतोच की!