सामायिक साठवण : मर्यादा आणि न्याय



स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय. विषयही त्यातलाच निवडला आहे. मोठ्या संस्थेत अनेक विभागांची माहिती एकाच सामायिक साठवण-यंत्रणेवर असते. तिची शक्ती कोणी किती वापरावी, हा अखेर वाटपाचा प्रश्न आहे.

प्रथम त्या शक्तीचे माप पाहू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होतो. हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. वाचनशीर्ष तेथवर नेण्यास आणखी ८ ते ९ मिलिसेकंद. त्यामुळे विखुरलेल्या मागण्या सेकंदाला जेमतेम ८० पुऱ्या होतात. अशा २४ डिस्क एकत्र केल्या तरी आकडा दोन हजारांच्या आतच राहतो. फ्लॅश साठवणीने तो कितीतरी पटींनी वाढवला, पण अमर्याद केला नाही.

एका रुग्णालयात मी याचा परिणाम पाहिला. रात्रीचे बॅकअप सकाळपर्यंत लांबले आणि त्याच वेळी बाह्यरुग्ण नोंदणी सुरू झाली. एकेक नाव उमटण्यास विलंब होऊ लागला. आजारी माणसे रांगेत ताटकळली. बॅकअपने कोणताही नियम मोडला नव्हता, कारण त्याला मर्यादा कोणी घालूनच दिली नव्हती.

मर्यादा घालताना दोन मापे लागतात. ८ किलोबाइटच्या हजार मागण्या म्हणजे सेकंदाला केवळ ८ मेगाबाइट. एक मेगाबाइटच्या शंभर मागण्या म्हणजे १०० मेगाबाइट. केवळ मागण्या मोजल्या तर बॅकअप निसटते, केवळ मेगाबाइट मोजले तर नोंदणीचा भार दिसत नाही. लिनक्समध्ये म्हणूनच दोन्ही मर्यादा स्वतंत्रपणे घालता येतात.

मर्यादा पाळण्याची एक प्रचलित रीत सोपी आहे. एका बादलीत ठरलेल्या गतीने टोकन पडत राहतात; प्रत्येक मागणी एक टोकन घेते; बादली रिकामी झाली की थांबावे लागते. साठलेल्या टोकनांमुळे क्षणिक गर्दी मात्र निभावते.

यालाही किंमत आहे. एकाच वेळी ३२ मागण्या प्रलंबित ठेवणाऱ्या प्रणालीला सेकंदाला १६०० ची मुभा असेल, तर प्रत्येक मागणीस सरासरी २० मिलिसेकंद लागतात. मुभा ४०० वर आणली की ८०. वापरणाऱ्याला वाटते, यंत्र बिघडले. म्हणून मर्यादा घालणाऱ्याने ती आधी सांगितली पाहिजे.

शिवाय कायमची कमाल मर्यादा शक्ती वाया घालवते. मध्यरात्री नोंदणी बंद असताना बॅकअपला अडवण्यात काय हशील? व्हीएमवेअरने २०१० मध्ये आणलेल्या व्यवस्थेत विलंब ठरावीक पातळीपलीकडे गेल्यावरच हिश्शांप्रमाणे वाटप सुरू होई. ती पातळी मुळात ३० मिलिसेकंद ठेवलेली होती. काही यंत्रणांत किमान हमीही देता येते. पण सर्व हमींची बेरीज यंत्राच्या कुवतीपेक्षा अधिक झाली, तर ती हमी कागदावरच उरते.

विद्यार्थी मित्रहो, यंत्र मागणी मोजते. कोणाची निकड मोठी, हे ते जाणत नाही. तो निर्णय माणसांनी एकत्र बसून, टंचाई येण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. गर्दीच्या वेळी ज्याचा आवाज लहान, त्याचे काम अडू नये, एवढ्यासाठीच मर्यादा असते.