पायाखालचं पाणी : आपला बुऱ्हाणपूर जिल्हा
(मंडळाच्या आषाढातील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून वीसेक वर्षं राज्य शासनात उपयंत्री म्हणून नोकरी करतोय. बोलायची सवय आहे ती सरपंचांशी आणि ठेकेदारांशी. पण सचिव म्हणाले, "आपल्या जिल्ह्याची माहिती सांगा, नव्या पोरांना काही ठाऊक नसतं." म्हणून उभा राहिलो. जे बोलेन ते माझं स्वतःचं, खात्याचं समजू नका.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याचे माझे मावसभाऊ सहकुटुंब आले होते. आपण पाहुण्यांना जे दाखवतो तेच दाखवलं. शाही किल्ल्यातला हमाम, जामा मशिदीतला अरबी आणि संस्कृत असे दोन्ही लेख असलेला दगड, तापीपलीकडे जैनाबादचा आहुखाना. 17 जून 1631 ला मुमताज आपल्या या गावात वारली आणि ताजमहालाच्या आधी इथे पुरली गेली, हे ऐकून वहिनींनी फोटो काढले. मग मावा जिलेबी, दराबा. आटोपलं दोन तासांत. निघताना भावानं विचारलं, "रावेरपासून इथवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी आहे. मे महिन्यात, या उन्हात, एवढं हिरवं राहतं कसं रे?" मी पाण्याच्या कामातला माणूस, आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे.

आधी जमीन पाहू. आपला जिल्हा 15 ऑगस्ट 2003 ला पूर्व निमाडातून, म्हणजे खंडव्यातून, वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसात लाखांच्या वर. उत्तरेला सातपुडा, पूर्वेला मेळघाटाकडे चढत जाणारे डोंगर, आणि मधून मुलताईहून आलेली तापी. रावेर, मुक्ताईनगर, जळगाव जामोद, धारणी हे महाराष्ट्राचे तालुके आपल्या शेजारी. इच्छापूरला इच्छादेवीच्या डोंगरावर उभं राहिलं तर दोन राज्यं दिसतात, पण शेतं बघून कुठलं कुठल्या राज्याचं ते सांगता येत नाही. शहापूर, इच्छापूरकडच्या घरांत मराठी, धुळकोट, खकनारच्या डोंगरांत कोरकू, भिल्ल, बारेला, शहरात उर्दू आणि हिंदी. माझी आई एका वाक्यात तीन बोली वापरते आणि तिला ते कळतही नाही.

उत्तरेकडून दक्षिणेत उतरायची वाट सातपुड्याच्या खिंडीतून, आणि त्या खिंडीवर असीरगड. म्हणून ज्याला दक्षिण हवी त्याला हा गड हवा. अकबराला तो 1601 मध्ये मिळाला. 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं बहादूरपूर लुटलं. आपल्याला ते आता शहराला लागलेलं खेडं म्हणून ठाऊक आहे, तेव्हा ती श्रीमंत पेठ होती. 1760 मध्ये उदगीरनंतर निजामानं बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांना दिले. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये इथेच वारले. तापी आणि मोहनेच्या संगमाजवळ त्यांची छत्री आहे. आपल्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहे? हात वर करा म्हटलं तर मलाच संकोच वाटेल, कारण मी स्वतः ती पहिल्यांदा पाहिली चाळिशीत, तीही एका सर्व्हेच्या निमित्तानं.

एवढ्या फौजा आणि एवढी वस्ती यांना पाणी कुठून मिळत होतं? तापी शेजारी आहे खरी, पण ती खोल वाहते, शहर उंचावर. शिवाय वेढा पडला की नदीचं पाणी शत्रूच्या हातात. याचं उत्तर लालबागेकडे जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा. कोणी खूनी भंडारा म्हणतं. 1615 मध्ये अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना हे काम झालं, आणि ते तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञानं केलं असं सांगतात.

त्याची करामत मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगतो. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे झिरपत जातो. त्यांनी हे झिरपणारं पाणी वाटेत अडवलं. भुयार खणलं, त्याला बेताचा उतार दिला, आणि ठरावीक अंतरावर वरपर्यंत विहिरीसारख्या कुंड्या काढल्या. शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून हवा खेळते आणि सफाईला माणूस उतरू शकतो. पाणी आपल्या उतारानं जाळी करंजापर्यंत येतं आणि तिथून मातीच्या नळांनी शहरात. मोटर नाही, वीज नाही, बैलसुद्धा नाही. मी एका कुंडीतून आत उतरलो आहे. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढले आहेत आणि त्या भिंतीतून थेंब थेंब पाणी सुटत असतं. मला आमच्या लेव्हलिंगच्या मास्तरांची आठवण झाली. आम्हाला दुर्बिणीनं शंभर मीटरचा उतार नीट साधत नव्हता. 2024 मध्ये हे भंडारे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले, ते योग्यच झालं.

त्या रचनेत एक मर्यादा मुळातच होती. डोंगरातून जेवढं झिरपेल तेवढंच भुयारात येणार. ओढून जास्त घेता येत नव्हतं.

आता केळी. आमची शेती शहापूरच्या बाजूला. आजोबांच्या काळी कापूस, ज्वारी आणि थोडी केळी. विहिरीवर मोट होती. आबांनी मोटर बसवली आणि केळी वाढवली. केळीनं आमचं घर बांधलं, बहिणींची लग्नं केली, माझी डिप्लोमाची फी भरली. त्यामुळे केळीला कोणी नावं ठेवली की मला राग येतो. पण हे पीक वर्षभर पाणी मागतं. विहीर आटली म्हणून बोअर घेतला. तो कमी पडला म्हणून आणखी खोल दुसरा. ठिबक बसवलं, पाणी वाचलं, आणि त्या वाचलेल्या पाण्यावर धाकट्या भावानं आणखी दोन एकर केळी लावली. अडवलं का नाही म्हणाल, तर मी तेव्हा काहीच बोललो नाही. तिसऱ्या बोअरची जागा मीच दाखवली. त्या दिवशी आबा खाटेवरून म्हणाले, "तुझं सरकारी शिक्षण मानलं, पण आपल्या विहिरीचं पाणी कुठं गेलं ते सांग आधी."

आमच्यासारखी शेकडो घरं आहेत. हा पायथ्याचा पट्टा पुढे रावेर, यावलकडे जातो आणि तिकडचंही रडगाणं हेच आहे. जुलै 2022 मध्ये आपला जिल्हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. 254 गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून सांगितलं की घराघरात नळ आला. त्या दिवशी मला खरोखर अभिमान वाटला, आजही वाटतो. पण गावोगावच्या कित्येक नळांचं पाणी नलकूपातून येतं, आणि तो नलकूप शेतातल्या बोअरच्याच पाण्यातला भागीदार आहे. उन्हाळ्यात बायका मला विचारतात, "साहेब, नळ आहे, पाणी कुठाय?" तेव्हा मला आबांचा आवाज ऐकू येतो.

मे 2025 मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी तापी मेगा रिचार्जचा करार केला. तापीचं पाणी कालव्यांनी पायथ्याशी नेऊन जमिनीत मुरवायचं, अशी ती योजना. होईल तेव्हा होईल, आणि व्हावीच. तोपर्यंत आम्ही घरापुरतं एक करून पाहिलं. शेताच्या कडेनं पावसाचा ओहळ वाहतो. त्याचं पाणी एका खड्ड्यात अडवलं, त्यात दगडगोटे, वर वाळू असा गाळणीचा थर दिला आणि तिथून पाइप आजोबांच्या कोरड्या विहिरीत सोडला. भाऊ म्हणाला, "दादा, एवढ्या पैशात अर्धा बोअर झाला असता." त्याचं गणित चुकीचं नव्हतं. तरी त्यानं या वर्षी दोन एकरांत केळीऐवजी कापूस लावला, माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून.

पाऊस लागून महिना झाला. गेल्या रविवारी जाऊन पाहिलं तर विहिरीच्या तळाला गढूळ पाणी होतं, साधारण कमरेइतकं. आबांना उचलून काठावर बसवलं. त्यांनी खडा टाकला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे वरचं पाणी आहे. जमिनीचं आहे का, ते दिवाळीनंतर कळंल."

दिवाळीनंतर दोर सोडून मोजणार आहे. आकडा मंडळाला कळवीन.